फाईल उतरंना

समाजाच्या मंडळाची वधू-वर साइट एएसपी या वीस वर्षांपूर्वीच्या संगणकभाषेत लिहिलेली. लिंकमधला आकडा बदलला की कुणालाही कुठल्याही मुलीचा फोटो, पत्ता, मोबाईल नंबर उतरवून घेता यायचा. "आपलीच माणसं बघत्यात की," मंडळ म्हणायचं. साइटचं काम बघणाऱ्या अपूर्वानं ऐकलं नाही. नोकरी सांभाळून महिनाभर त्या जुन्या कोडशी झुंजली आणि भोक बुजवलं. आता मागणाऱ्यानं आधी आपली ओळख पटवायची, मग जिची फाईल तिनं हो म्हणायचं. त्याशिवाय एक पान उतरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी पेठ वडगावहून तिच्या वडिलांचा फोन आला.

"अपूर्वा, फाईल उतरंना. मी कोण म्हणून इचारतंय."

"मग सांगा की, पप्पा."

"सांगितलं. ओटीपी बी टाकला. आता म्हणतंय, मुलीच्या परवानगीची वाट बघा. बापाला कसली परवानगी? पावणं चहा पिऊन बसल्यात. तेवढं काढून टाक ते."

"ते निघणार न्हाय, पप्पा. कुणासाठीच न्हाय."

बोलता बोलताच तिच्या मोबाईलवर वडिलांच्या नावानं मेसेज आला: 'अण्णासो तुमची माहिती मागत आहेत. द्यायची का?'

तिनं शांतपणे 'नाही' दाबलं.

आजवर तिची माहिती सव्वीस घरांत फिरून आली होती. द्यायची का, असं तिला आज पहिल्यांदाच विचारलं गेलं होतं. आणि तो प्रश्नसुद्धा तिचा तिलाच लिहून ठेवावा लागला होता.