एकच घुमारा

दोघी सख्ख्या बहिणी माझ्या स्टुडिओतल्या सोफ्याच्या दोन टोकांना बसलेल्या. गाणं सोबत गायल्या, पण मी मिक्सिंगला बसेपर्यंत दोघींचं बोलणं बंद. सगळं माझ्यामार्फत.

"काका, हिचा आवाज काढून टाका," थोरली म्हणाली.

"काका, तिला सांगा, हे गाणं आईने मला शिकवलंय. काढायचा तर तिचा काढा," धाकटी म्हणाली.

"शिकवलंय ना? मग विचारा तिला, सुरात का नाही गात."

"तिच्या शेजारी उभं राहिलं की सूरही पळ काढतो, म्हणावं."

माझं टाळकं सटकलं. दोघींचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे खटके, सर्रकन खाली ओढले.

"घ्या. कुणाचाच नको."

तरी दोघींचं गाणं ऐकू येतच राहिलं. चूक माझीच. आवाजाला घुमारा यावा म्हणून त्यातला थोडा आवाज बाजूला पाठवतात, तो सेंड. घुमून परत येतो, तो रिटर्न. मी सेंड फेडरच्या आधीच घेतो, जुनी खोड. त्यामुळे फेडर पार खाली ओढला तरी रिटर्न येत राहतो. त्यातून दोघींना मिळून रिटर्न एकच ठेवलेला, कुठला आवाज कुणाचा ते कळेना.

लांबून, विहिरीतून आल्यासारखा तो आवाज खोलीभर पसरला.

"हा ठेवा, काका," थोरली म्हणाली.

"हो, हाच," धाकटी म्हणाली.

"ठेवतो की. पण हा आहे कुणाचा?"

"माझा," दोघी एकदम म्हणाल्या, आणि आल्यापासून पहिल्यांदा एकमेकींकडे बघितलं. खाऊ की गिळू.