दुसरी बाटली

अकोल्यात वॉर्डातले पाणी तपासताना मी इंदूबाईंच्या नळाचे पाणी तपासणीच्या बाटलीत भरले होते. पाण्यात मैला असेल तर ही बाटली दिवसभरात काळी पडते. ती डांबरासारखी झाली. नात काविळीने दवाखान्यात होती, म्हणून गटारातून गेलेला पाइप बदलून मागायला इंदूबाई माझ्यासोबत पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे आल्या. "बाई, भांडं धुतलं नसन तुमी," साहेब म्हणाले. "भांडं कायचं जी? या पोरीनं नळालेच बाटली लावली." साहेबांनी मला दुसरी बाटली भरायला लावली, स्वतःच्या कूलरमधून. "हाच वार्डाचा नमुना म्हणून लिवा, मॅडम. आमी रोज हेच पितो." दुसऱ्या दिवशी इंदूबाईंना घेऊन मी दोन्ही बाटल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. दोन्ही सारख्याच काळ्या. साहेबांनी तोंडातले पाणी कुंडीत थुंकले आणि फोन लावला. इंदूबाई आशेने उभ्या राहिल्या. तासाभरात ऑफिसात विकतच्या पाण्याचे जार आले. पाइप गटारातच राहिला.