शुक्रवारचा निळा दिवा

"एवढंच बोला, बाई. 'यंत्र मी बंद केलं.' चार शब्द." हितेशने मोबाइलचा कॅमेरा बथशेबाबाईंच्या तोंडासमोर धरला.

"पण मी नाही केलं," बाई म्हणाल्या.

आनंदा प्लंबरने कपाळाला हात लावला. तासभर हेच चाललं होतं. हितेश हा विमा कंपनीचा सर्व्हेयर, खारघरहून आलेला, इस्त्रीच्या शर्टातला. माणूस वाईट नव्हता, उलट मदतच करायला बघत होता, आणि त्याचाच जास्त ताप होत होता. पॉलिसी विकायला आलेला एजंट आनंदाला शोधत पार मोरा बंदरापर्यंत आला होता. आता क्लेम केला तर त्याचा फोन लागत नव्हता.

"पुन्हा एकदा सांगतो," हितेश म्हणाला. "सिंकखालचा जोड तुम्ही बसवलात, तो निसटला. प्लंबरकडून चूक होते, म्हणून तर हा विमा. ते बसतं. पण पाणी गळायला लागलं की आपोआप लाइन बंद करणारं यंत्र त्या रात्री बंद होतं. ते घरमालकाने बंद केलं असेल तर कंपनी भरपाई देईल. प्लंबरनेच मुद्दाम बंद केलं असेल तर एक पैसा मिळायचा नाही. पासवर्ड तुम्हा दोघांचा एकच, त्यामुळे कोणी केलं ते ॲपमध्ये दिसत नाही. आता मी आणखी किती सोपं करू?"

त्या रात्री बाई झोपलेल्या असताना खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कल्पेशचं नवंकोरं छत पलंगावर कोसळलं होतं. कंपनीने हात वर केले तर ते आनंदाला भरून द्यावं लागणार होतं, आणि त्यासाठी विकण्यासारखा त्याच्याकडे एक टेम्पोच होता. टेम्पो गेला की धंदाही गेला. पाइप काय डोक्यावरून वाहणार?

यंत्र बाईंच्या मुलाने, एलादने, इस्राएलमधल्या अश्दोदहून पाठवलेलं. आई एकटी राहते, काळजी वाटते. काळजी वाटते तर स्वतः येऊन बसवायचं होतं, असं आनंदाच्या मनात शंभरदा येऊन गेलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ते बसवलं आणि पहिल्याच शनिवारी घोटाळा झाला. नळ उघडला की यंत्राचा निळा दिवा पेटायचा. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या ज्यूंच्या पवित्र दिवशी, बाई दिवा पेटवत नाहीत, गॅस नाही, पंख्याचं बटणसुद्धा नाही. त्या दिवशी त्यांनी दिवसभर नळाला हात लावला नाही. संध्याकाळी तहानेने चेहरा उतरलेला.

तेव्हापासून दर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत आनंदा आपल्या फोनवरून यंत्र बंद करायचा आणि शनिवारी रात्री पुन्हा चालू. त्याची आजी भामा मासळीची पाटी घेऊन पनवेलला यायची, ती शनिवारी आधी बाईंच्या आईची चूल पेटवायची आणि मग पाटी उतरवायची. आजीने चूल पेटवली, नातवाने यंत्र विझवलं. यात विमा कंपनीला विचारायचं असतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"साहेब, मी बंद केला, तर मी केला असाच लिवा ना," तो वैतागून म्हणाला.

"आणि टेम्पो?" हितेशने विचारलं.

मग तो पुन्हा बाईंकडे वळला.

"बाई, तुम्हाला काहीच भरावं लागणार नाही. मग अडचण काय आहे?"

"ते बंद कधी झालं?" बाईंनी विचारलं.

हितेशने ॲप बघितलं. "शुक्रवारी. अंधार पडल्यावर."

त्या शुक्रवारी आनंदा मोऱ्याच्या लाँचवर अडकला होता. रेंज मिळेपर्यंत उशीर झाला, आणि निळा दिवा जाईपर्यंत बाई कोरड्या घशाने बसून राहिल्या होत्या.

"म्हणजे शब्बाथ लागल्यावर," बाई म्हणाल्या. "मी, माझ्या हाताने बंद केलं, असं म्हणायचं?"

"अहो, नुसतं बोलायचं आहे!" हितेश जवळजवळ ओरडला.

बाईंनी टेबलावरच्या काचेच्या दिव्याकडे पाहिलं. तेल घातलेलं होतं, वात वळलेली होती. आजही शुक्रवारच होता, दिवस मावळायच्या आत तो लावायचा होता. मग त्यांनी पदर सारखा केला.

"लाव तुझा कॅमेरा. याच्या पोटावर पाय नको. देवाशी माझं मी बघून घेईन."

हितेशने घाईघाईने बटण दाबलं.

"मी, बथशेबा," बाईंनी सुरुवात केली. "शब्बाथच्या रात्री..." पुढचा शब्द येईना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "शब्बाथच्या रात्री मी..."

आनंदाला सगळ्यांचाच राग आला. हितेशचा, एलादचा, त्या एजंटचा, न केलेलं पाप अंगावर घेणाऱ्या या म्हातारीचा, आणि नीट घट्ट न केलेल्या त्या जोडाचा तर सगळ्यात जास्त. तो उठला, खिशातून फोन काढला आणि कॅमेऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"ह्यो बगा साहेब. असा बंद करतात." त्याने अंगठा दाबला. "दर शुक्रवारी मीच करतो. त्या रातीपन मीच केला."

"अहो, काय करताय! रेकॉर्डिंग चालू आहे!"

"ऱ्हाऊ द्या चालू."

बाई तोंडाला पदर लावून त्याच्याकडे बघत राहिल्या. आनंदाने खिडकीबाहेर पाहिलं. खाडीकडे सूर्य टेकला होता. त्याने टेबलावरची काड्यापेटी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"दिवा लावा, मावशी. उशीर होतोय."