माइकवरची टकटक

प्राचार्यबाईंच्या शोकसभेत संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "म्हाताऱ्यांचा संध्याकाळचा वर्ग बंद व्हावा, ही बाईंचीच इच्छा होती."

माइकवर नखाची टकटक झाली. बोलायला उभ्या राहिल्या की बाई तशीच करायच्या.

त्या वर्गात साठीनंतर बाईंकडून अक्षरं शिकलेले आम्ही मागच्या बाकांवर होतो. शेजारची आजी उठून ओरडली, "धडधडीत खोटं! होती का बाईंपुढे हे बोलायची छाती?"

"खाली बसा, आजी. वर्ग बंद म्हणजे बंद."

पुन्हा टकटक.

अध्यक्षांनी माइकची वायर उपटून हातात धरली. टकटक थांबली नाही.

"बसायचं कशाला? बाई आल्यात," मी म्हणालो. आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

बंद माइकमधून बाईंनी घसा खाकरला.