दहापैकी सहा

मालाडला बर्नार्डच्या घरी रविवारी मित्रमंडळी जमली, की नवी कॅसेट लागायची आणि प्रत्येक गाण्याला दहापैकी मार्क मिळायचे. त्या रविवारी वनमालाने भावगीतांची कॅसेट आणली. कव्हर मात्र तिने पर्समध्येच ठेवलं.

तिसरं गाणं संपलं तशी जानकी म्हणाली, "झकास! माझे नऊ."

"नऊ कसले गं? आवाज गोड आहे, पण वरच्या सुराला घाबरते ही बाई," बर्नार्ड म्हणाला. "सहा."

दोघांची चांगलीच जुंपली. तेव्हा वनमालाने पर्समधून कव्हर काढून त्यांच्यापुढे धरलं. तिसऱ्या गाण्यासमोर गायिकेचं नाव छापलं होतं : वनमाला परब.

"बर्नार्ड, आता तरी मार्क वाढव रे," जानकी कुजबुजली.

"का म्हणून? सहा म्हणजे सहाच."

वनमालाला हसू आलं. घरच्यांचं कौतुक तर ती आठवडाभर ऐकत होती. खरे मार्क तिला इथूनच हवे होते.

बर्नार्डने गाणं रिवाइंड केलं, टेपरेकॉर्डर उचलून खिडकीत ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि खाली गल्लीत ओरडला, "ए, थांबा रे सगळे! आमची वनी गातेय!"