नऊशे चाळीस पावलं

"नऊशे चाळीस," काका म्हणाले आणि थांबले. "रुग्णालयाच्या दारापासून या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत. खोटं वाटत असेल तर परत चला, मोजून दाखवतो."

पाहुणे हसले. बाहेरच्या एका औषध कंपनीचे ते पाचजण कारखाना कुठे काढावा याचा अंदाज घ्यायला आले होते, आणि शहर दाखवायचं ते काकांनीच, हे ठरलेलं. पालिकेच्या उद्योग खात्यातून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी खात्याला दुसरा माणूस सापडला नव्हता. हातात कागदाचा कपटा नाही आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी सगळे आकडे तोंडपाठ. थंड कोठारं किती, विमानतळ किती मिनिटांवर, जीवशास्त्र शिकून दरवर्षी बाहेर पडणारे किती.

"सकाळी तिकडे काढलेलं रक्त दुपारच्या आत इथे तपासलं जातं," ते म्हणाले. "शिकलेली माणसं पलीकडच्या विद्यापीठातून येतात आणि औषध बनतं ते मागच्या गल्लीत. पण या शहराची खरी ताकद इमारतींत नाही. इथले लोक नव्या औषधांच्या चाचणीला नाव देतात. लागू पडेल की नाही ठाऊक नसतं, तरी देतात. आम्ही नवरा-बायकोनंही दिलं."

"मग, पडलं का लागू?" पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं.

"आज कळेल," काका म्हणाले आणि त्यांनी गाडीला हात केला.

पाहुण्यांना वाटेला लावून ते एकटेच रुग्णालयाकडे निघाले. आज पावलं मोजायचं काही त्यांना सुचलं नाही.

चाचणी स्मृतिभ्रंशाची होती. आजार सुरू होण्याआधीच त्याला अडवायचं, असं ते औषध. दोघांच्याही आयांना तो झालेला, म्हणून दोघांनाही घेतलं. बायकोच्या मनात नव्हतं. "तुमच्या शहराचं कौतुक तुम्हालाच," ती म्हणाली होती. "माझं डोकं ठिकाणावर आहे." काकांनी महिनाभर भुणभुण लावली, तेव्हा कुठे तिनं सही केली. काहींना खरी गोळी मिळणार होती, काहींना नुसती पिठाची. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

पहिल्या महिन्यात काकांच्या पोटात सारखं ढवळायचं. "होईल सवय हळूहळू," चाचणीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. बायको मात्र ठणठणीत. दोघांनाही न सांगता कळलं, की खरी गोळी काकांच्या वाट्याला आली आहे.

ते काकांना सहन होईना. हट्ट आपला, आणि पीठ तिनं खायचं? दुसऱ्या महिन्यापासून, त्या महिन्याच्या बाटल्या घरी आणल्या आणि ती आंघोळीला गेली, की काका आपल्या गोळ्या तिच्या बाटलीत ओतायचे आणि तिच्या आपल्या बाटलीत. त्यांचं ढवळणं थांबलं. तिनं कधी तक्रार केली नाही. बाई मुळातच सोशिक, असं त्यांनी धरून चाललं.

तीन वर्षं हे चाललं, तरी ती विसरतच गेली. सुरुवात अगदी लवकर झाली, तीही मिठापासून. बाटल्यांच्या दिवशी काका दमून जरा टेकले, की आंघोळ उरकून आलेली बायको म्हणायची, "अहो, मीठ संपलंय. तेवढं आणता का?" मीठ असायचं. काका तरी निमूट जाऊन आणायचे. फडताळात पुड्यांची चळत लागली. "दुकान टाकताय की काय?" शेजारीण म्हणाली. पुढे बायको बहिणीचं नाव विसरली, मग घराचा मजला. गेल्या उन्हाळ्यापासून ती काकांनाच विचारू लागली, "तुम्ही कोणाकडे आलात?"

डॉक्टरबाईंचा चेहरा आज फुलला होता. "काका, औषध लागू पडलं. ज्यांना मिळालं, त्यांतल्या बहुतेकांना आजार शिवलासुद्धा नाही. आपल्या शहरात जन्मलेलं औषध."

"मग हिला का नाही लागू पडलं?"

"त्यांना पिठाची गोळी होती. खरी तुमची."

"नाही," काका म्हणाले, आणि तीन वर्षं पोटात ठेवलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं. "तुमच्या चाचणीचा मी विचका केला. काय बोलायचं ते बोला. पण खरी गोळी तीच घेत होती."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फाइल पुढे ओढली आणि बराच वेळ त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिल्या.

"दर महिन्याला तुम्हा दोघांचं रक्त घेत होतो. ते आकडे आजच उघडलेत. औषध तुमच्या रक्तात आहे, छत्तीसच्या छत्तीस महिने. त्यांच्या रक्तात एकदाही नाही."

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

"छत्तीस वेळा?" त्या हळूच म्हणाल्या. "घरात आणखी कोण असतं?"

"आम्ही दोघंच."

त्यांनी जास्त विचारलं नाही. आता चाचणीतल्या सगळ्यांनाच खरी गोळी मिळणार होती. दोन बाटल्या पिशवीत घालत त्या म्हणाल्या, "गेलेलं परत येणार नाही, काका. उरलंय ते टिकेल, एवढंच."

वाटभर काका त्या प्रयोगशाळेला मनातल्या मनात शिव्या घालत होते. चूक तिकडेच असणार. नसेल, तर औषध नऊशे चाळीस पावलांवर असूनही ते तिच्या तोंडापर्यंत पोचवणं आपल्याला जमलं नाही. हे मात्र काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना.

शेजारणीनं दार उघडलं आणि ती आपल्या घरी गेली. बायको खिडकीशी बसली होती.

"तुम्ही कोणाकडे आलात?"

"तुझ्याकडेच," काका म्हणाले. त्यांनी दोन्ही बाटल्या काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि ते खुर्चीत टेकले.

ती बाटल्यांकडे बघत राहिली. मग उठली, खुंटीवरची कापडी पिशवी काढून तिनं त्यांच्या हातात दिली आणि दाराकडे बोट केलं.

"अहो," ती म्हणाली, "मीठ संपलंय. तेवढं आणता का?"