ओव्हर राहिलं

बटण दाबून दाबून अंगठा दुखला, तरी खोतगुरुजींचा आवाज वायरलेसवर जाईना. ऐकू मात्र येत होतं. वादळावर नजर ठेवणारे किनाऱ्यावरचे स्वयंसेवक त्यांनाच हाका मारत होते. सरावातसुद्धा सूत्रं त्यांनी कधी दुसऱ्याला दिली नव्हती.

"गुरुजी नाहीत, मी विचारते," सुगंधा बोलली. बोलून झाल्यावर 'ओव्हर' म्हणत नाही म्हणून त्यांनी चारचौघांत झापलेली तीच. "कुणाची होडी कुठे आहे, एकेकानं सांगा. दिसलं ते बोला, वाटलं ते नको. ओव्हर."

शेवटची होडी किनाऱ्याला लागली, तेव्हा कुठे गुरुजींचं बटण चाललं.

"गुरुजी! घ्या आता तुम्ही. ओव्हर."

"नको, तूच चालव. पोरी, तुझ्यामुळे आज माणसं घरी..." त्यांनी बटण सोडलं. सगळा किनारा थांबला.

"गुरुजी, 'ओव्हर' राहिलं," ती हळूच म्हणाली. "ओव्हर."